फ्लूची लस घेऊनही फ्लू झालाच, मग आईला टोचायची कशाला?

अबोली२२ (२२ मे २०२५)

नमस्कार मंडळी,

सल्ला हवाय, जरा घाईचा आहे. आई अडुसष्टची. मधुमेह बरीच वर्षं, बीपीची गोळी चालू, बाकी ठणठणीत. परवा शुगर दाखवायला गेलो तर डॉक्टर म्हणाले, "पावसाळ्याआधी फ्लूची लस घेऊन टाका." तेव्हापासून घरात दोन पार्ट्या पडल्यात. भाऊ म्हणतो, हे सगळे पैसे काढायचे धंदे. त्याच्या सासऱ्यांनी मागच्या वर्षी लस घेतली होती आणि तरी ऑगस्टमध्ये तापाने फणफणले. तपासणी केली तर इन्फ्लुएन्झा एच३एन२, म्हणजे फ्लूचाच एक प्रकार. आईचं म्हणणं, "टोचून घेऊनही ताप येणारच असेल तर टोचण्याचा ताप कशाला?"

मी नेटवर वाचायला बसले तर आणखी गोंधळ. कुठे ६० टक्के परिणामकारक, कुठे ४०, अमेरिकेतल्या एका वर्षी तर म्हणे १९ टक्के! १९ टक्के म्हणजे काय, १०० जणांना टोचली तर ८१ जणांना फ्लू होणार?

आईला दोन दिवस शिंका आल्या तर आम्ही बघून घेऊ. मला फक्त एवढंच कळून घ्यायचंय की फ्लू बळावून न्यूमोनिया, आयसीयू, तिथपर्यंत प्रकरण जाऊ नये यासाठी या लसीचा खरंच उपयोग होतो का? जाणकारांनी सांगावं. व्हॉट्सॲपवरची माहिती नको, ती भाऊ पुरवतोय.

खवचट_काका

पावसाळ्याआधी? अहो पाऊस इथे आत्ताच कोसळतोय, मे महिन्यातच छत्र्या बाहेर निघाल्या. डॉक्टरांचं पंचांग चुकलं.

बाकी चालू द्या. मी चहा घेऊन बसलोय.

मी_पुणेकर

काका, चहा ठेवा बाजूला. फ्लूची चेष्टा पुण्यात करायची नाही.

ऑगस्ट २००९. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी आमच्या पुण्यात गेला, शाळकरी मुलगी. त्यानंतरचे काही आठवडे ज्यांनी पाहिलेत ते विसरणार नाहीत. नायडू रुग्णालयाबाहेर रांगा, शाळा बंद, थिएटरं बंद. दुकानांतले मास्क संपले म्हणून लोक तोंडाला रुमाल बांधून हिंडत होते. दुचाकीवर स्कार्फ बांधायची सवय पुण्याला होतीच, त्यामुळे निम्म्या पुण्याने मास्क शोधलाच नाही, हेही खरं.

लोकांना वाटतं तो विषाणू आला आणि गेला. गेलेला नाही. तोच एच१एन१ आता दरवर्षीच्या फ्लूमध्ये मिसळलाय. २०१५ मध्ये देशात ४२ हजारांवर रुग्ण नोंदले गेले आणि मृत्यू ३ हजारांच्या घरात. २०१७ मध्ये एकट्या महाराष्ट्रात ७७८ मृत्यू. हे फक्त तपासणी होऊन नोंदलेले. न तपासताच "न्यूमोनियाने गेले" म्हणून ज्यांची नोंद झाली ते यात नाहीत.

डॉ_कृष्णाकाठ

अबोलीताई, मी सांगलीकडे फिजिशियन आहे. उत्तर लांबणार आहे, सांभाळून घ्या.

आधी तो टक्क्यांचा घोळ सोडवू. १९ टक्के म्हणजे ८१ जणांना फ्लू होणार, असं अजिबात नाही. फ्लूच्या एका हंगामात लस न घेतलेल्या सगळ्यांनाच फ्लू होत नसतो. लशींच्या चाचण्यांचं एक मोठं एकत्रित परीक्षण २०१८ मध्ये आलं. त्यात लस न घेतलेल्या ज्येष्ठांपैकी १०० मागे साधारण ६ जणांना एका हंगामात तपासणीने सिद्ध झालेला फ्लू झाला, लस घेतलेल्यांत २.४ जणांना. ६ वरून २.४, म्हणजे ६० टक्के घट. आता लस त्या वर्षीच्या विषाणूशी जुळलीच नाही आणि परिणाम १९ टक्क्यांवर आला, तर ६ चे फार तर ५ होतील. ते १९ टक्क्यांचं वर्ष म्हणजे २०१४-१५ चा अमेरिकेतला हंगाम. लशीसाठी प्रकार ठरवून झाले आणि त्यानंतर एच३एन२ ने रूप बदललं.

म्हणजे फ्लू होऊच नये यासाठी ही लस मध्यम दर्जाची आहे. गोवरासारखी नाही, की टोचली आणि विषय संपला. हे आम्ही डॉक्टर लोकांनी पेशंटला आधीच स्पष्ट सांगायला हवं. सांगत नाही, म्हणून मग "घेऊनही झालाच" ऐकावं लागतं.

आता तुमचा खरा प्रश्न. फ्लूमुळे दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण लशीने किती कमी होतं? २०१० ते २०१५ या काळातल्या जगभरच्या ३० अभ्यासांचा एकत्र हिशोब झालेला आहे. सगळ्या प्रौढांत मिळून ४१ टक्के घट. १८ ते ६४ वयात ५१ टक्के आणि ६५ च्या पुढे ३७ टक्के. वय वाढलं की प्रतिकारशक्ती लशीला तितका जोरकस प्रतिसाद देत नाही, हे दुर्दैव, कारण गरज त्याच वयाला जास्त. विषाणूच्या प्रकारानेही फरक पडतो. एच१एन१ विरुद्ध संरक्षण बरं, एच३एन२ विरुद्ध कमी. तुमच्या भावाच्या सासऱ्यांना जो झाला, तो नेमका लशीला कमी दाद देणारा प्रकार.

पुढचा टप्पा: लस घेऊनही फ्लू झाला आणि दाखल व्हावं लागलंच, तर? अशा रुग्णांवरचे अभ्यास एकत्र केले तेव्हा लस घेतलेल्यांना आयसीयूत हलवण्याचं प्रमाण २६ टक्क्यांनी आणि मृत्यूचं ३१ टक्क्यांनी कमी दिसलं. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या रुग्णालयांत २०१२ ते २०१५ दरम्यान जो अभ्यास झाला त्यात तर फ्लूमुळे आयसीयूत जाण्याची शक्यता ८२ टक्क्यांनी कमी आढळली.

असं का होतं? दंडावर टोचलेल्या लशीने रक्तात प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार होतात, नाका-घशाच्या ओल्या अस्तरावर फारशी नाही. म्हणून विषाणू घशात शिरतो, ताप येतो, अंग मोडून येतं. पण फुप्फुसात खोलवर, जिथे रक्ताचा आणि हवेचा संबंध येतो, तिथे ही रक्तातली प्रतिपिंडं पोचतात.

तुमच्या आईंच्या बाबतीत मला न्यूमोनियाइतकीच काळजी वाटते ती दोन गोष्टींची. मधुमेहात फ्लूचा ताप आला की शुगर भडकते, जेवण बंद होतं, गोळ्यांचं गणित कोलमडतं. दुसरं म्हणजे हृदय. कॅनडातल्या ऑंटारियो प्रांतात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. फ्लू सिद्ध झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हार्ट ॲटॅकचं प्रमाण त्याच माणसांच्या एरवीच्या दिवसांपेक्षा सहापट निघालं. आमच्याकडे पावसाळ्यात "ताप होता, चार दिवसांनी अचानक ॲटॅक आला" असे रुग्ण येतात तेव्हा घरचे तापाचा आणि हृदयाचा संबंध जोडत नाहीत.

वाचनवेडी

वाचतेय. डॉक्टर, शेवटचा परिच्छेद वाचून थंडगार पडले. हे कधीच ऐकलं नव्हतं.

आकडेमोड

डॉक्टरसाहेबांच्या प्रतिसादात एक मोठी गोष्ट राहिली. मी डॉक्टर नाही, संख्याशास्त्रात आयुष्य गेलंय. लसविरोधी तर मुळीच नाही, पण हे आकडे डोळे झाकून घेऊ नका.

लस कोण घेतं? ज्याला स्वतःच्या तब्येतीची काळजी आहे, जो चालत दवाखान्यात जाऊ शकतो, ज्याचा मुलगा आठवणीने घेऊन जातो. अंथरुणाला खिळलेला, आज-उद्याचा सोबती असलेला म्हातारा लस घ्यायला जात नाही. मग वर्षअखेर दोन्ही गटांतले मृत्यू मोजले की लसवाले जास्त जगलेले दिसणारच. श्रेय लशीचं किती आणि मुळातल्या धडधाकटपणाचं किती?

हे नुसतं तर्कट नाही. अमेरिकेत सिएटलच्या बाजूला ज्येष्ठांच्या नोंदी तपासल्या आणि २००६ मध्ये निष्कर्ष छापून आले. लस घेतलेल्यांचा मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी होता, आणि तोही कधी? फ्लूचा हंगाम सुरू होण्याच्या *आधी*! विषाणू गावात आलेला नसताना लस कुणाला वाचवत होती? म्हणजे "फ्लूची लस घेतली की म्हाताऱ्यांचे मृत्यू निम्म्यावर" हे जे वर्षानुवर्षं सांगितलं गेलं, त्यातला मोठा भाग फुगवटा होता. इंग्लंडमध्ये ६५ पूर्ण झाली की लस मोफत मिळते, त्यामुळे ६५ च्या उंबरठ्यावर लसीकरण एकदम वाढतं. २०२० मध्ये काही संशोधकांनी त्याचाच फायदा घेऊन उंबरठ्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे लोक ताडून पाहिले. दाखल होण्यात वा मृत्यूत घट सापडली नाही.

आणि ते ८२ टक्के. आयसीयूत जाणारे फ्लूचे रुग्ण मुळात मोजके. मोजक्या रुग्णांवरचा आकडा पुढच्या वर्षी कुठे जाईल सांगता येत नाही. मी तरी तो छापील अक्षरात वापरणार नाही.

खवचट_काका

चला, आता मजा येणार. आणखी एक कप टाका.

डॉ_कृष्णाकाठ

आकडेमोड, मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे आणि तो आणल्याबद्दल आभारच. पण मी ४१ टक्के दिले ते त्या जुन्या पद्धतीचे नाहीत. हल्लीच्या अभ्यासांत असं करतात: श्वसनाचा त्रास होऊन दाखल झालेल्या *सगळ्यांची* फ्लूची तपासणी करायची. ज्यांची तपासणी फ्लूसाठी पॉझिटिव्ह आली ते एका बाजूला, ज्यांची निगेटिव्ह आली ते दुसऱ्या बाजूला. मग दोन्हीकडे लस घेतलेले किती, ते मोजायचं. दोन्ही बाजूचे लोक आजारी पडून त्याच दवाखान्यात आलेले, त्यामुळे "काळजी घेणारा विरुद्ध न घेणारा" हा भेद बराच पुसला जातो. पूर्ण नाही, बराच.

इंग्लंडच्या अभ्यासात सगळ्या कारणांनी झालेली भरती आणि मृत्यू धरले होते. ६५ वर्षांच्या माणसाला दाखल व्हायला फ्लू सोडून हजार कारणं असतात. त्या ढिगात फ्लूचा वाटा लहान, म्हणून मध्यम दर्जाच्या लशीचा फरक तिथे दिसणं कठीण. पण तो अभ्यास आहे आणि तो लपवायचं कारण नाही.

तुम्हाला चिठ्ठी टाकून गट पाडून केलेल्या चाचण्या हव्या असतील तर दोन सांगतो. एक स्वीडनच्या पुढाकाराने झालेली, त्यात शेजारचा बांगलादेशही होता. हार्ट ॲटॅक येऊन दाखल झालेल्या अडीच हजारांवर रुग्णांपैकी निम्म्यांना तीन दिवसांच्या आत फ्लूची लस, निम्म्यांना नुसतं खारं पाणी. कुणाला काय टोचलं हे रुग्णाला माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. वर्षभरात खाऱ्या पाण्याच्या गटात ४.९ टक्के दगावले, लशीच्या गटात २.९ टक्के. कोविडमुळे चाचणी आधीच थांबवावी लागली, २०२१ मध्ये निकाल आला.

दुसरी चाचणी २०२२ ची, हार्ट फेल्युअरच्या पाच हजारांवर रुग्णांवर, दहा देशांत. भारतही त्यात होता. इथे मुख्य उद्दिष्ट गाठलं गेलं नाही. हृदयाशी संबंधित मृत्यू, ॲटॅक, पक्षाघात मिळून जो हिशोब होता त्यात ठाम फरक निघाला नाही. पण न्यूमोनिया मात्र ४२ टक्क्यांनी कमी आणि एकूण दाखल होणं १६ टक्क्यांनी कमी.

आकडेमोड

हे जमलं. खाऱ्या पाण्याशी तुलना असेल तर मला बोलायला फार जागा उरत नाही. मुख्य उद्दिष्ट हुकलं हे तुम्ही स्वतःहून सांगितलंत, ते विशेष आवडलं.

मग माझा हिशोब असा. दाखल होण्याचा धोका तिसरा हिस्सा ते निम्मा कमी, वयानुसार आणि विषाणूनुसार: पटतं. हृदयरोग्यांना फायदा: पटतं. मृत्यूवर थेट परिणाम: दिशा तीच दिसते, पण नेमका किती यावर मी पैज लावणार नाही. ८०-९० टक्के कुणी सांगितलं तर त्याला आधी नमस्कार करावा आणि मग पुढे चालू लागावं.

अबोली२२

बापरे, किती छान चर्चा! दोघांचेही आभार. भावाला धागा पाठवला. त्याने वाचून एकच विचारलं: "मग माझ्या सासऱ्यांचं काय?" मी म्हटलं, ते दाखल तर झाले नव्हते ना? घरीच होते, पेज खाऊन बरे झाले. म्हणजे लशीमुळेच वाचले, असंच ना डॉक्टर?

आकडेमोड

नाही ताई, असंही म्हणता येणार नाही. :) लस न घेता फ्लू होऊन घरीच बरे होणारे सत्तरीचे आजोबाही पुष्कळ असतात. एका माणसावरून भावाचा निष्कर्ष चुकीचा आणि तुमचाही तितकाच. सासऱ्यांना या वादातून मोकळं करा.

खवचट_काका

आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या सासऱ्यांना "मोकळं करा" म्हटलेलं ऐकलं.

ऑकलंडकर

इथे ऑकलंडचा उल्लेख झाला म्हणून डोकावलो. आमच्याकडे आत्ता हिवाळा तोंडावर आहे. एप्रिल उजाडला की औषधांच्या दुकानातच फ्लूची लस मिळायला लागते. खरेदीला जाता जाता बाही वर करायची, टोचून घ्यायचं, पंधरा-वीस मिनिटं खुर्चीवर बसायचं आणि निघायचं. ६५ च्या पुढच्यांना आणि गरोदर बायकांना सरकार मोफत देतं. ऑफिसात तर नर्सच येते.

भारताशी संबंध असा की तुमच्याकडे पावसाळ्यात जो फ्लू येतो त्याला आमच्या हिवाळ्यासाठी बनलेली लस लागू पडते. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीत कोणते प्रकार घालायचे ते जाहीर करते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिणेसाठी. भारत नकाशावर उत्तरेत, पण फ्लूचा मोठा भर जून ते सप्टेंबर. म्हणून तिकडे एप्रिल-मेमध्ये दक्षिणेची ताजी लस घेणं सोयीचं. काश्मीरची गोष्ट वेगळी, तिथे फ्लू हिवाळ्यात, त्यामुळे ऑक्टोबरच्या सुमारास.

(आई-बाबा इथे आले होते तेव्हा व्हिजिटर व्हिसावर असल्यामुळे पैसे भरून घेतली. बाबा कुरकुरले, पण पैसे भरलेत म्हटल्यावर निमूट बाही वर केली.)

सिस्टर_ठाणे

मी लसीकरणाच्या खोलीत काम करते, म्हणून थोडं प्रॅक्टिकल सांगते. ही चर्चा मोठ्या लोकांची, मी आपली सुईवाली.

लस भरलेल्या सिरिंजमध्येच येते, अर्धा मिली. टोचण्याआधी खोका हातात मागून घ्या, कुणी नाही म्हणत नाही. त्यावर गोलार्ध आणि साल लिहिलेलं असतं: "दक्षिण गोलार्ध २०२५". मग विषाणूंची नावं. २०२५ च्या खोक्यावर ए/व्हिक्टोरिया/४८९७/२०२२, ए/क्रोएशिया/१०१३६आरव्ही/२०२३, बी/ऑस्ट्रिया/१३५९४१७/२०२१ अशी असतात. विषाणू जिथे सापडला ते ठिकाण, प्रयोगशाळेचा क्रमांक, साल. चार प्रकारांची असेल तर बी/फुकेत हा चौथा. हा फुकेतवाला गट २०२० नंतर जगात कुठे दिसलेलाच नाही, त्यामुळे तीन प्रकारांची मिळाली तरी काही बिघडत नाही. चारवालीसाठी जादा पैसे मोजू नका.

एक्स्पायरी बघा. लस फ्रीजमधून, २ ते ८ अंशांतून, तुमच्यासमोर काढलेली असावी. मेडिकलमधून तुम्ही स्वतः आणणार असाल तर बर्फाच्या पाकिटासोबत आणा, पण बर्फाला थेट चिकटवू नका. गोठलेली लस वाया जाते आणि वरून बघून ती गोठली होती हे कळतही नाही. पर्समध्ये टाकून अख्खा बाजार फिरून आलेले लोक मी पाहिलेत.

अंगात ताप असेल तर उतरल्यावर या. टोचल्यावर दंड दुखतो, कुणाला एक-दोन दिवस कणकण येते. "लस घेतली आणि लशीनेच फ्लू झाला" हे रोज ऐकते. या लशीतला विषाणू मेलेला असतो, तो फ्लू देऊच शकत नाही. लस काम करायला साधारण दोन आठवडे लागतात. तेवढ्यात दुसऱ्याच सर्दीने गाठलं तर बिल लशीच्या नावावर फाटतं.

गरोदर स्त्रिया, मधुमेही, बीपीवाले यांना आपल्याकडे सरकारी आणि पालिकेच्या दवाखान्यांतही ही लस मोफत द्यायची सोय केलेली आहे. साठा असतोच असं नाही, म्हणून आधी चौकशी करून जा.

मी_पुणेकर

सिस्टर, तुमचा प्रतिसाद सगळ्यात कामाचा. गोठलेल्या लशीचं माहीत नव्हतं.

धडधाकट३४

मी चौतिशीचा, आयटीवाला, कसलाही आजार नाही. मला गरज आहे का? प्रामाणिक उत्तर हवंय.

डॉ_कृष्णाकाठ

प्रामाणिक उत्तर: तुमच्यासाठी फायदा आहे, पण लहान. वर ज्या परीक्षणाचा उल्लेख केला त्यातच निरोगी प्रौढांचा आकडा आहे. लस न घेता एका हंगामात २.३ टक्क्यांना फ्लू, घेऊन ०.९ टक्के. म्हणजे एकाचा फ्लू टाळायला ७१ जणांना टोचावं लागतं. तुमच्या वयात बळावण्याचं प्रमाण आणखी कमी. दीड-दोन हजार जड नसतील तर घ्या, नसेल जमत तर आकाश कोसळत नाही.

पण दमा आहे, वजन फार जास्त आहे, किडनीचा किंवा हृदयाचा त्रास आहे, किंवा स्टेरॉइड चालू आहे, तर चौतिशीतही तुम्ही "धडधाकट" गटात येत नाही. २००९ आणि २०१५ मध्ये मी व्हेंटिलेटरवर पाहिलेले सगळे काही म्हातारे नव्हते.

वाचनवेडी

डॉक्टर, माझी वहिनी पाचव्या महिन्यात आहे. तिने घ्यावी का? सासूबाई नको म्हणतायत.

डॉ_कृष्णाकाठ

जरूर घ्यावी, तिच्या डॉक्टरांना विचारून. गरोदरपणात फुप्फुसांवर आधीच दाब असतो आणि फ्लू बळावतो. २००९ च्या साथीत हे फार वाईट पद्धतीने दिसलं. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, इस्रायल आणि अमेरिका या चार देशांच्या २०१० ते २०१६ च्या नोंदींत लशीमुळे गरोदर स्त्रियांचं फ्लूने दाखल होणं ४० टक्क्यांनी कमी झालेलं दिसतं. शिवाय सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देताच येत नाही, त्याला आईकडून आलेल्या प्रतिपिंडांवरच काढावं लागतं. सासूबाईंना हे दुसरं कारण सांगा, पहिल्यापेक्षा लवकर पटेल.

कट्टेकरी

दरवर्षी का पण? एकदा घेतली की झालं, असं का नाही? औषध कंपन्यांची सोय दुसरं काय.

आकडेमोड

दोन कारणं. विषाणू रूप बदलतो, आणि बदलला नाही तरी लशीचं संरक्षण महिन्यागणिक ओसरत जातं. मेमध्ये घेतलेली पुढच्या मेपर्यंत पुरत नाही. काही हंगामांत, विशेषतः एच३एन२ च्या, लागोपाठ घेणाऱ्यांत परिणाम किंचित कमी दिसलाय. पण अजिबात न घेण्यापेक्षा तो तरीही बरा. कंपन्यांना फायदा होतो हे खरंच आहे. तो पाण्याच्या बाटलीतही होतो.

डॉ_कृष्णाकाठ

एक सांगायचं राहिलं आणि ते लशीइतकंच महत्त्वाचं. लस ४० टक्के धोका कमी करते, म्हणजे ६० टक्के शिल्लक राहतो. तो शिल्लक धोका आपण उशीर करून वाढवतो. अबोलीताई, आईंना पावसाळ्यात ताप-खोकला आला तर "लस घेतलीय, होईल बरं" म्हणून तीन दिवस काढा पाजत बसू नका. ६५ च्या पुढचे आणि मधुमेही रुग्ण सरकारी वर्गवारीत 'ब' गटात येतात. त्यांना तपासणीच्या अहवालाची वाट न बघता ऑसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध सुरू करता येतं आणि ते पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सर्वांत उपयोगी. मनाने आणून अँटिबायोटिक देऊ नका, विषाणूवर त्याचा उपयोग नाही. आणि धाप लागली, छातीत दुखलं, बेडक्यात रक्त दिसलं, ओठ-नखं निळसर झाली किंवा माणूस गुंगीत गेला, तर फोनाफोनी नंतर, आधी रुग्णालय.

कट्टेकरी

काढ्यावर घसरायची गरज नव्हती डॉक्टर. आमच्याकडे गवती चहा पिऊनच सगळे बरे होतात.

खवचट_काका

गवती चहा मीही पितोय, उत्तम असतो. पण खोक्यावर अजून दक्षिण गोलार्धाचा शिक्का दिसला नाही.

अबोली२२ (२७ मे)

अपडेट देते. आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने लस दाखवली. सिस्टरांनी सांगितल्याप्रमाणे खोका मागून घेतला. त्यावर "उत्तर गोलार्ध २०२४-२५", एक्स्पायरी जून. तो म्हणाला, "ताई, एकच असतं सगळं, घेऊन टाका, डिस्काउंट देतो." काय करू?

सिस्टर_ठाणे

डिस्काउंट कशाचा ते कळलं ना? :) त्यात एच३एन२ साठी थायलंडचा प्रकार आहे, नव्यात क्रोएशियाचा. बाकीचे तेच.

डॉ_कृष्णाकाठ

विष नाहीये ते, पण दक्षिण २०२५ ची मागवा. तुमच्या डॉक्टरांच्याच फ्रीजमध्ये असेल, आधी त्यांना फोन करा. आठवडाभर थांबावं लागलं तरी चालेल, जुलै उजाडू देऊ नका. आणि त्याच फेरीत न्यूमोकोकल, म्हणजे जिवाणूंच्या न्यूमोनियावरच्या लशीबद्दलही विचारा. मधुमेह आणि साठीच्या पुढचं वय आहे, फ्लूनंतरचा जिवाणूंचा न्यूमोनिया हाच पुष्कळदा घात करतो.

अबोली२२

फोन केला. त्यांच्याकडे दक्षिणेची आहे, गुरुवारी संध्याकाळी बोलावलंय. आईने धागा पूर्ण ऐकून घेतला. तिला आकडेमोड यांचे प्रतिसाद सर्वांत जास्त आवडले, "हा माणूस खरं बोलतो" म्हणाली. भाऊही येतोय. त्याचंही बीपी निघालंय हे त्याने गेले सहा महिने घरात कुणाला सांगितलं नव्हतं, आज सांगितलं.

न्यूमोकोकलमध्ये १३, २० आणि २३ अशा आकड्यांच्या लशी दिसतायत. त्यातली कुठली आधी?

डॉ_कृष्णाकाठ

त्याला वेगळा धागा काढा, इथे सांगायला गेलो तर दुसरं पान भरेल.